बेंचखालचा डबा

"सर, तोंडातलं थुंका नं आधी, मग बोला. पोट्ट्यांना एक अक्षर समजून नाही राहिलं."

हेमराज बोंदरे हे मला बोलला साताऱ्याच्या मैदानावर, टाइमआउटमध्ये, दहा पोरी गोल करून उभ्या असताना. त्र्याण्णव सालचा डिसेंबर. समोर मगदूम सरांचा सांगलीकडचा संघ, आम्ही सहा गुणांनी मागे, आणि माझा हा सत्तावीस वर्षांचा सहायक मला थुंकायला शिकवत होता!

मी बेंचखालचा डबा ओढला, खर्रा थुंकला आणि बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरी खाली बघत होत्या.

खर्रा काय असतो हे नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचा, घोट घोट घोटायचा आणि गालात भरायचा. एकदा भरला की माणूस वीस मिनिटं मुका. आमच्या शहरात कितीतरी कारभार नुसत्या मान हलवण्यावर चालतो. मला दिवसाला दहा पन्न्या लागायच्या. पण मैदानावर पिचकाऱ्या मारणारा मी नव्हे, म्हणून पत्र्याचा एक डबा माझ्यासोबत महाराष्ट्रभर फिरायचा. बेंचखाली, उजव्या पायाशी त्याची जागा ठरलेली.

नवप्रभात क्रीडा मंडळाच्या मुलींचा मी चौदा वर्षं कोच होतो. लांजेवार सर म्हटलं की बास्केटबॉलवाले ओळखायचे. माझं शिकवणं सरळ होतं. समोरच्यांनी पन्नास गुण केले तर आपण बावन्न करायचे, संपला विषय. दोन तासांच्या सरावात पावणेदोन तास मी नेमबाजी आणि चढाई घ्यायचो. उरलेला पाव तास बचाव, तो मी हेमराजला देऊन टाकला होता. तेवढ्यात माझा एक खर्रा निवांत व्हायचा.

हेमराज त्या पाव तासात पोरींना बॉलच देत नसे. नुसतं पळवायचा. मी एकदा विचारलं, "अबे, बॉल कुठं आहे?"

"बॉल त्यांच्याकडे आहे, सर. अर्धी मॅच तो त्यांच्याकडेच असते."

आणि मग त्याची ती पाच कामं. पोरींकडून रोज घोकून घ्यायचा. आपला बॉल गेला की आधी परत पळायचं. मग आपल्या वाट्याची समोरची पोरगी आणि रिंग यांच्या मधे उभं राहायचं. हात वर. बॉल रिंगवरून उडाला की तिला पाठ लावून अडवायचं. आणि पाचवं, एकमेकींना ओरडून सांगत राहायचं. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी गालात खर्रा धरून हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, हा पोरींना खेळाडू करून राहिला की चौकीदार?

पोरगा कष्टाळू होता, हे कबूल करतो. वडिलांची मिल बंद पडलेली, घरात दोन बहिणी. मंडळाच्या शाळेत खेळाच्या मास्तरची एक जागा निघाली होती आणि ती त्याला मिळाली तर त्याचं लग्नही ठरणार होतं. मुलीकडचे मार्चपर्यंत थांबतो म्हणाले होते. जागा कोणाला द्यायची ते मंडळाचे सचिव नानासाहेब हेडाऊ ठरवणार होते. साताऱ्याला निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"लांजेवार, कागदबिगद नको मला. परत आले की एका शब्दात सांगा, पोरगा घ्यायचा की नाही. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

हे हेमराजलाही माहीत होतं. गाडीत त्यानं माझी पथारीसुद्धा घातली. तरी ते साताऱ्याचं टाइमआउटमधलं बोलणं झालं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. ज्याचं पोट माझ्या शब्दावर आहे तो माणूस मला चारचौघांत असा बोलतो? म्हणजे याला माझी गरज उरलेली नाही. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि मुरत होतंच. मगदूमच्या संघाकडून आम्ही तीन वर्षं हरत होतो. आमची वैजयंती धवड म्हणजे हुकमाचा एक्का. उजव्या कोपऱ्यात तिला मोकळी जागा द्या, दहात सात वेळा बॉल आत. तो डाव मी बेंचवरून आकडा ओरडून लावायचो, आणि आकडा दर मॅचला बदलायचो. तरीसुद्धा साखळीतल्या त्या मॅचमध्ये मगदूमच्या दोन पोरी वैजूच्या अंगावर आधीच हजर. माझा आकडा ऐकून धावल्या असत्या तर समजलो असतो. या तर आकडा तोंडाबाहेर पडायच्या आतच निघायच्या! बाकी वेळेला वैजूकडे ढुंकून बघत नव्हत्या. ती मॅच आम्ही आठ गुणांनी हरलो.

म्हणजे कोणीतरी सांगत होतं. आणि आमच्याकडचं सगळं माहीत असलेले बेंचवर दोघेच. एक मी.

त्याच संध्याकाळी मैदानाबाहेरच्या चहाच्या गाडीवर मगदूम आणि हेमराज शेजारी शेजारी उभे दिसले. मगदूम हसत होता, चांगला खदखदून. हेमराज काहीतरी हात करून सांगत होता. मला बघून त्यानं हात खाली घेतला.

"काय चाललं होतं रे?" मी खोलीवर विचारलं. आमचा संघ एका शाळेच्या वर्गात उतरला होता, पोरी शेजारच्या वर्गात.

"काही नाही, सर. ओळख आहे जुनी. मी खेळत होतो तेव्हा एका शिबिराला ते होते."

"आणि हात कायले हलवत होता?"

"एक विचारायचं होतं त्यांना. खात्री करून घ्यायची होती."

"कशाची?"

"सांगतो, सर. अजून एक मॅच बघू द्या."

बघा! मनात पाप नसतं तर तिथंच सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना आम्ही जिंकलो, नागपूरला तार करण्यासारखा. पण माझं लक्ष खेळात नव्हतं. हेमराज मांडीवर वही घेऊन बसला होता आणि मधूनच माझ्याकडे बघून काहीतरी टिपत होता. खेळाडूंकडे बघून टिपतात, हे मला माहीत आहे. माझ्याकडे बघून काय टिपायचं?

तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची वही उघडली. दुसऱ्याच्या वहीला हात लावू नये, हे मीच पोरींना शिकवायचो. पण उघडली. पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, "लां. सर". खाली आकडे: ४, ७, ११, १२, १६. प्रत्येकापुढे फुली, एकाच ठिकाणी बरोबरची खूण. मागच्या पानावरही तेच, साखळीतल्या मॅचची तारीख, आणि तिथं सगळ्याच बरोबरच्या खुणा. माझ्या चुका मोजून राहिला हा! मिनिटासकट! परत गेल्यावर नानासाहेबांपुढे ही वही ठेवणार, आणि शाळेची जागा तर घेईलच, वरून माझी कोचची खुर्चीही घेईल. मगदूमला डाव विकायचा, मला हरवायचा आणि हरलो म्हणून मलाच उठवायचं. किती जमवून आणलं होतं बाप्पा!

वही होती तशी ठेवली. आरशात बघितलं तर माझा जबडा नुसता चालू होता, गालात खर्रा नसतानाही.

अंतिम सामना पुन्हा मगदूमशीच. त्या सकाळी हेमराज माझ्यापुढे येऊन उभा राहिला. वही हातात.

"सर, दोन मिनिटं. एक दाखवायचं होतं. रागावू नका फक्त."

"मॅचनंतर."

"मॅचच्या आधीच पाहिजे, सर."

"मी म्हटलं नं, नंतर! आता मला डोक्याला त्रास नको."

तो घुटमळला. "बरं, मग एवढं तरी ऐका. आजच्या दिवस खर्रा नका खाऊ."

"तू माझी बायको आहेस का बे?"

पोरी फिदीफिदी हसल्या. तोही कसनुसा हसला आणि गेला. मी मात्र त्याच क्षणी माझा सापळा लावला. त्याला हाक मारून कानात सांगितलं, "आज वैजूच्या कोपऱ्याला 'सात' म्हणणार आहे. फक्त तुला सांगतो." आणि तासाभरानं पोरींना वेगळं जमवून सांगितलं, "आज 'चार'. बोंदरे सरांना सांगायची गरज नाही, त्यांना माहीत आहे." आता बघू, म्हटलं. सातला त्या पोरी धावल्या की चोर पकडला.

मैदान गच्च भरलं होतं. चौथ्या मिनिटाला आमच्या पोरी बॉल घेऊन अर्धी रेघ ओलांडून गेल्या. मी वाकलो, डबा ओढला, थुंकलो, उभा राहिलो आणि ओरडलो, "सात!"

काही झालं नाही. पोरींना सात माहीतच नव्हता, त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. पण मगदूमच्या दोन पोरी? त्या वैजूला चिकटून उभ्या होत्या.

पकडला! माझे कान गरम झाले. पण खात्री करावी म्हणून, पुढच्याच चढाईला पुन्हा गालात भरलेलं थुंकून मी ओरडलो, "चार!" हेमराजला चार माहीत नव्हतं. तरीही त्याच दोन पोरी, तशाच, माझा शब्द निघायच्या आत वैजूवर.

सरळ डोक्याच्या माणसाला इथं कळलं असतं की सातही फुटत नाही आणि चारही फुटत नाही, फुटतंय ते तिसरंच काहीतरी. चौदा वर्षांचा अनुभवी कोच मी, मला कळलं ते असं: यानं पोरीही फितवल्या. कोणीतरी पोरीनं त्याला चार सांगितलं. मी वळून बघितलं तर तो वहीत खूण करत होता, आणि खूण करून त्यानं मान वर केली ती थेट मगदूमच्या बेंचकडे.

मी टाइमआउट मागितला. पोरी घामाघूम होऊन गोळा झाल्या.

"ऊठ," मी हेमराजला म्हटलं.

"सर?"

"ऊठ बेंचवरून. निघ. माझ्या बेंचवर फितूर बसणार नाही."

पहिल्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. पंच जवळ आला. हेमराजचा चेहरा पांढरा पडला. वैजू म्हणाली, "सर, काय बोलून राहिले तुम्ही?" मी तिलाही गप्प केलं.

"सर, ऐका एकदा," हेमराज हळू आवाजात म्हणाला, "तोंडातलं तेवढं..."

"पुरे!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरचा बेंचही वळला. "पुन्हा तेच? निघ!"

त्यानं वही बेंचवर ठेवली, शिट्टी गळ्यातून काढून वहीवर ठेवली आणि प्रेक्षकांमधून बाहेर गेला. कोणीतरी शिट्टी वाजवली त्याच्यावर.

आम्ही तीन गुणांनी हरलो. वैजूला त्या मॅचमध्ये कोपऱ्यातून दोनच बास्केट मिळाले. उत्तरार्धात मी काही सांगायच्या मनःस्थितीतच नव्हतो, आणि पोरी आपल्याआपण पळत परत येत होत्या, हात वर करून एकमेकींना ओरडत होत्या, "मधे! मधे राहा! पाठ लाव!" बारा गुणांची पिछाडी त्यांनी तीनवर आणली. कोणाचं शिकवलेलं होतं ते मला ऐकू येत होतं आणि ऐकायचं नव्हतं.

बक्षीस समारंभानंतर मगदूम हात मिळवायला आला. मोठा मोकळा माणूस, पाठीवर थाप मारूनच बोलणार.

"लांजेवार सर, लई भारी खेळल्या पोरी. शेवटाला घाम काढला आमचा! अन् तुमचं ते बोंदरे कुटं गेलं?"

"त्याचं नाव काढू नका. तुम्हाला तर माहीतच असेल तो काय सांगत होता तुम्हाला."

मगदूम गोंधळला. "मला? मला काय सांगतंय ते? आवो, मलाच इचारत हुतं!" मग हसायला लागला. "आता तीन वर्सं झाली, आता सांगायला काय हरकत. सर, तुम्ही त्या डब्यात थुकायला वाकला की आमी समजतो. तोंडात माल असला की तुमाला वरडता येत न्हाई. वाकला म्हंजे वरडणार, वरडला म्हंजे धवडच्या पोरीचा डाव. आकडा कुनाला ऐकायचाय? माझी एक पोरगी निसती तुमच्या डब्याकडं बगायला ठेवली हुती. बाकी येळेला तुमी गप, म्हंजी धवड मोकळी सोडली तरी चालतंय."

मी लांबूनच आमच्या बेंचखाली बघितलं.

"तुमच्या त्या पोरानं मात्र वळखलं बगा. परवा च्याच्या गाड्यावर मला हात करून दाखवतंय, 'सर, तुमी आमच्या सरांच्या डब्याकडं बगता न्हवं?' मला हसूच आवरंना. म्हटलं, शाना हायस, सांग की मग तुज्या सरास्नी. तर म्हनालं, 'सांगायला बघतोय, पण मला आधी मिन्टं जुळवून पक्कं करू द्या. उगाच बोललो तर त्यांना वाईट वाटंल.'"

पाठीवर आणखी एक थाप मारून तो त्याच्या पोरींकडे गेला. मी बेंचपाशी येऊन वही उघडली. ४, ७, ११, १२, १६. मी वाकलो ती मिनिटं. त्यांच्या दोन पोरी धावल्या तिथं बरोबरची खूण. उपांत्य सामन्यातल्या संघाला हे माहीत नव्हतं, म्हणून तिथं फुल्याच जास्त होत्या. तिथंच त्याला शोधून पाय धरायला हवे होते. मी वही पिशवीत घातली आणि पोरींना सामान बांधायला सांगितलं.

गाडीत तो दुसऱ्या डब्यात बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोला मागे पडलं तेव्हा आमच्या डब्यात आला. पोरींच्या गप्पा बंद झाल्या. त्याच्या हातात माझा पत्र्याचा डबा होता, साताऱ्याला बेंचखाली राहून गेलेला.

"राहिला होता, सर," म्हणाला आणि माझ्या पायाशी ठेवला. आतून घासून, धुऊन चकचकीत केलेला होता.

"हेमराज," मी म्हटलं. पोरी कान देऊन बसल्या होत्या. दहा पोरींसमोर काय सांगू? की तुमचे सर तीन वर्षं तुम्हाला हरवत होते?

"बोला, सर."

"काही नाही. नागपूरला बोलू."

तो परत त्याच्या डब्यात गेला.

तिसऱ्या दिवशी नानासाहेबांच्या ऑफिसात मी गेलो. आत शिरायच्या आधी पायरीवर नवी पन्नी घोटली आणि गालात भरली. सवय म्हणा. पण आज खोटं कशाला बोलू, ती सवय नव्हती.

नानासाहेब चष्मा पुसत होते. "लांजेवार, मी ऐकलं ते खरं? भर मॅचमध्ये उठवला म्हणे त्याला. पोरी तर काही वेगळंच सांगून राहिल्या. मला कोणाचं ऐकायचं नाही, तुमचं ऐकायचं. फितूर होता का पोरगा?"

दार दोन पावलांवर होतं. बाहेर जाऊन थुंकून आलो असतो, एक वाक्य बोललो असतो: 'साहेब, तो नाही, मी.' त्या एका वाक्यानं पोराला नोकरी लागत होती, बायको मिळत होती. माझं काय जाणार होतं? चौदा वर्षांचं नाव. मला ते तेव्हा फार मोठं वाटलं.

मी मान हलवली. वरून खाली, एकदा.

नानासाहेबांनी उसासा टाकला आणि ती फाइल बाजूला ठेवली.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. खर्रा मी सोडला नाही, खर्ऱ्यानंच मला सोडलं. जबडा आखडला. डॉक्टर बोटं घालून बघतात, तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. तिखट खाल्लं की आग होते, गरम पिता येत नाही. मुलींना मी आता शिकवत नाही. वैजयंती शिकवते, आणि पहिला तास बॉल न देता पळवते.

हेमराजचं तुमसरला हार्डवेअरचं दुकान आहे, हे मला तिनंच सांगितलं. दोनदा मी तुमसरच्या स्टँडवर उतरून परत आलो. मागच्या वर्षी तिसऱ्यांदा गेलो आणि दुकानात शिरलो. केस पिकले होते त्याचे, पण ओळखू आला. मला बघून तो काउंटरमागून उठला.

"या, सर. बसा." स्टूल ओढलं. चहा सांगितला.

मी सगळं सांगितलं. डबा, मगदूम, वही, नानासाहेबांचं ऑफिस. तोंड उघडत नाही, त्यामुळे शब्द चेपून निघत होते, दोनदोनदा सांगावे लागत होते. डोळ्यांत पाणी येत होतं ते मी पुसत नव्हतो.

मी थांबलो तेव्हा म्हणाला, "मला माहीत आहे, सर. नानासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाले, 'लांजेवार काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.'"

"मग?"

"मग काय. समजलो मी. तोंडात असेल म्हटलं."

चहा आला. त्यानं माझा कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर मारून निववून माझ्यापुढे धरला.